धावपट्टी संपण्याआधी

पावसाळ्यात मुंबईहून घरी येताना आमचे विमान दाबोळीवर जवळजवळ टेकले होते. खिडकीतून धावपट्टीचे दिवे दिसू लागले होते. एकाएकी इंजिने गरजली, विमानाचे नाक वर झाले आणि आम्ही पुन्हा ढगांत! मग वीसेक मिनिटे घिरट्या. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पायलट नवखा दिसतो." मागच्या रांगेत कोणी तरी टॅक्सीवाल्याच्या जादा भाड्याचा हिशेब मांडला. खरे सांगायचे तर मीही घड्याळाकडे पाहून कपाळाला आठी घातली. उतरताना वैमानिक दारात उभा होता. त्याला कोणी धन्यवाद दिले नाहीत, मीही दिले नाहीत. ते चुकले असे मला आता वाटते, म्हणून हा लेख.

विमान धावपट्टी ओलांडून पुढे जाणे किंवा बाजूला घसरणे हा काही दुर्मिळ प्रकार नव्हे. वास्कोच्या मंडळींना २७ डिसेंबर २०१६ ची पहाट आठवत असेल. मुंबईला निघालेले विमान उड्डाणासाठी धावू लागले आणि दाबोळीच्या धावपट्टीवरून बाजूला घसरले. आत १६१ माणसे होती. काही जण जखमी झाले, पण प्राण कोणाचे गेले नाहीत. मंगळूर आणि कोझिकोड इतके सुदैवी ठरले नाहीत. ही दोन्ही विमानतळे डोंगरमाथा सपाट करून बांधलेली आहेत, म्हणजे धावपट्टी संपली की पुढे उतारच.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या २४५० मीटरच्या धावपट्टीवर सुमारे १६०० मीटर आत टेकले. पट्टीचा दोनतृतीयांश भाग हवेतच संपला होता. १६६ पैकी ८ जण वाचले. चौकशी अहवालात नोंद आहे की सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्यास तीनदा सांगितले होते. यंत्रेही इशारे देत होती. कप्तान प्रवासाचा बराचसा काळ झोपेत होते आणि जागे झाल्यावर त्यांनी उतरण्याचा हट्ट सोडला नाही.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोझिकोड. याविषयी लिहिताना हात जरा अडखळतो. कप्तान दीपक साठे हे हवाई दलात नावाजलेले वैमानिक. आडनाव वाचूनच ते आपल्याला घरचे वाटले. त्यांनी हौतात्म्य पत्करून प्रवाशांना वाचवले असे संदेश तेव्हा सगळीकडे फिरत होते, मीही दोघा-तिघांना पाठवले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. पुढच्या वर्षी अहवाल आला, तो मात्र फारसा कोणी वाचला नाही. पहिल्या प्रयत्नात साठे यांनी विमान वर घेतले होते, आणि ते योग्यच होते. कप्तानाच्या बाजूचा काचेवरचा वायपर चालत नव्हता. दुसऱ्या वेळी उलट दिशेने उतरताना वारा पाठीमागून होता, पाऊस होता, आणि २७०० मीटरच्या पट्टीवर विमान सुमारे १३५० मीटर आत, म्हणजे बरोबर निम्म्यावर टेकले. सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटले होते, पण ते ऐकले गेले नाही. दुसऱ्या सकाळच्या फेरीसाठी तिथे पुरेसे कप्तान नव्हते, त्यामुळे वेळेत उतरण्याचा ताण त्यांच्यावर होता असेही अहवाल म्हणतो. माणूस मोठा होता हे खरे, आणि तो निर्णय चुकला हेही खरे. दुसरी गोष्ट बोलल्याने पहिली उणावते असे मला वाटत नाही.

कोझिकोडचा धोका कुणाला दिसलाच नव्हता असेही नाही. पावसात, पाठीमागच्या वाऱ्यात त्या दिशेने उतरणे जिवावरचे आहे असे कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी २०११ मध्येच लेखी कळवले होते. मग नऊ वर्षे काहीच का झाले नाही? माझ्या मते याचे कारण असे की त्या नऊ वर्षांत बहुतेक विमाने सुखरूप थांबली. धोका मोजताना आपण अपघात मोजतो. पण जी विमाने शेवटच्या शेदोनशे मीटरवर थांबली, त्यांची मोजदाद प्रवाशांच्या कानी येतच नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासाप्रमाणे, वेग किंवा उंची नीट साधलेली नसतानाही शंभरातील ९७ वेळा वैमानिक उतरतोच. फक्त तीन वेळा तो विमान वर नेतो. आणि त्या तिघांना आपण नवखे म्हणतो!

जमिनीवरच्या उपायांनाही महत्त्व आहे. धावपट्टीच्या टोकापुढे मोकळा सुरक्षा पट्टा असावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमाने तो किमान ९० मीटर, आणि शिफारस २४० मीटरची आहे. जागा नसेल तिथे हलक्या काँक्रीटचे ठोकळे अंथरतात. ते चाकाखाली चुरडतात आणि विमान वाळूत रुतल्यासारखे थांबते. अमेरिकेत या युक्तीने अनेक विमाने वाचली आहेत. टोकाजवळ मजबूत बांधकाम तर नसावेच. मंगळूरला विमानाचा उजवा पंख दिशादर्शक अँटेनाच्या काँक्रीटच्या बांधकामावर आदळला होता. त्यानंतर साडेचौदा वर्षांनी, २९ डिसेंबर २०२४ रोजी, दक्षिण कोरियातील मुआन येथे पोटावर घसरत आलेले विमान पट्टीबाहेर अशाच अँटेनाखालच्या काँक्रीटच्या बांधावर आदळले आणि १७९ माणसे गेली. तिथे विमान संकटात सापडण्याची कारणे वेगळी होती, पण तो बांध तिथे असायला नको होता. विमानतळासाठी जमीन देण्याचा प्रश्न आला की आपल्याकडे चर्चा नव्या इमारतीची आणि दुकानांची होते. टोकाच्या मोकळ्या पट्ट्यासाठी भांडणारा लोकप्रतिनिधी माझ्या तरी पाहण्यात नाही.

तरीही निम्मी पट्टी हवेत संपवल्यावर सुरक्षा पट्टा किती पुरणार? कोझिकोडला तो होता. विमान त्यावरूनही पुढे गेले. म्हणून माझा भर विमान वर नेण्याच्या निर्णयावर आहे. वैमानिकाला त्याबद्दल कंपनीत जाब विचारला जाऊ नये, प्रवाशांनी नाक मुरडू नये, आणि शेजारच्या कनिष्ठाने 'वर घ्या' म्हटले की वरिष्ठाने ते मुकाट्याने ऐकावे.

हे शेवटचे लिहायला सोपे आहे. नववीच्या वर्गात मी कोझिकोडचा हिशेब फळ्यावर घातला होता. जमिनीच्या मानाने वेग १६५ नॉट, त्यात पाठीमागच्या वाऱ्याचे १४. वारा नसता तर वेग १५१ असता. मग ब्रेकना किती जास्त ऊर्जा जिरवावी लागली? मी ऐटीत लिहिले, नऊ टक्के. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, वेगाचा वर्ग करायचा राहिला." वर्ग एकदम चिडीचूप झाला. तिच्या शेजारणीने तर तिचा हात धरून तिला खाली ओढले. उत्तर एकोणीस टक्के येते. मी फळा पुसला, पण क्षणभर माझ्याही चेहऱ्यावर राग आला असणार, कारण त्या तासाला ती पुन्हा काही बोलली नाही.