सातबाऱ्याच्या सहीमागची ६१७ अंकी संख्या फुटली तर?

सोलापूर : पीककर्जासाठी १५ रुपये भरून ऑनलाइन काढलेल्या सातबाऱ्यावर तलाठ्याचा शिक्का नसतो, पेनाने केलेली सहीही नसते. असते ती डिजिटल स्वाक्षरी. तिच्यासाठी देशात सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे २०४८ बिटची आरएसए. तिचा सगळा भार ६१७ अंकी एका संख्येवर असतो.

संख्या गुप्त असते का?

नाही. ती स्वाक्षरीच्या प्रमाणपत्रातच असते, कोणीही वाचू शकतो. गुप्त असतात त्या दोन मूळ संख्या, ज्यांच्या गुणाकारातून ती बनली. ८९ गुणिले ९७ कोणीही करेल, पण ८६३३ चे अवयव सांगा म्हटले की कागद-पेन लागतो. प्रत्येकी सुमारे ३०९ अंकी मूळ संख्या घेतल्या की संगणकही हात टेकतो.

गंमत म्हणजे, ही संख्या मूळ नाही हे साधा मोबाइलही क्षणात सांगतो. मूळ संख्येला लागू पडणारा फर्माचा नियम तिला लागू पडत नाही, एवढे पुरते. पण तिला भाग कशाने जातो, हे त्यातून अजिबात कळत नाही. सहीची सुरक्षितता याच फटीत आहे.

सही होते कशी?

सातबाऱ्याच्या पीडीएफचा एक गणिती ठसा काढतात आणि गुप्त किल्लीने त्यावर प्रक्रिया करतात. २० गुंठ्यांचे २१ केले तरी ठसा बदलतो आणि सही जुळत नाही. मात्र अवयव सापडले, तर खोट्या उताऱ्यावर खरी सही करता येईल.

धोका किती जवळ?

फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी आरएसए संख्या फोडली गेली. त्यासाठी एका प्रोसेसर कोअरला सुमारे २,७०० वर्षे लागली असती, इतकी आकडेमोड करावी लागली. ६१७ अंक त्याच्या कैक पटींनी अवघड आहेत. क्वांटम संगणकाचे गणित वेगळे. १० लाखांहून कमी क्युबिट्सचे यंत्र हे काम आठवड्याच्या आत करेल, असा अंदाज गुगलच्या संशोधकाने मे २०२५ मध्ये मांडला. असे यंत्र आज नाही. तरीही अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने २०३५ नंतर आरएसए बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला असून, पर्यायी पद्धतींची मानके ऑगस्ट २०२४ मध्येच जाहीर केली आहेत.

पीककर्जाचा उतारा वर्षभरात जुना होतो, त्याची चिंता नाही. पण जमिनीचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. २०४० मध्ये कोर्टात आजची पीडीएफ दाखवायची असेल, तर तिच्यावर त्याआधी नव्या पद्धतीची सही चढवावी लागेल.

आज काय करावे?

आजची फसवणूक अवयव शोधून होत नाही, प्रिंटआउटमधून होते. सही पीडीएफमध्ये असते. झेरॉक्स किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत तपासण्यासारखे काहीच उरत नाही, हिरवी टिक कोणीही छापू शकतो. बार्शी-करमाळ्यात जमीन घेताना समोरच्याने दिलेल्या कागदावर थांबू नका. त्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथे दिसणारा उतारा हातातल्या कागदाशी ओळ न्‌ ओळ जुळवून पाहा.