ढेकणांची लाज कशाला?

आमच्या ऑफिसात बग सापडला की सांगणाऱ्यावर कुणी ओरडत नाही. नोंद होते, सगळ्यांना कळवलं जातं, मग दुरुस्ती. या उन्हाळ्यात बीडच्या आमच्या घरात ढेकूण सापडले, तेव्हा अम्मीचं पहिलं वाक्य होतं, "किसीकू बोलना नक्को."

भाचा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सुट्टीला येताना गादीची वळकटी घेऊन आला, त्यातूनच ते आले असावेत. खोलीवर ढेकूण आहेत हे त्याला माहीत होतं, पण घरमालकाला सांगायची हिंमत झाली नाही. मी त्याला दोष देत नाही. आपलं नाव ऐकून खोली नाकारली जाण्याचा अनुभव मलाही आहे. त्यात ढेकणांचं निमित्त कोण देईल?

पण ढेकणाला घाणीशी देणंघेणं नाही. त्याला माणसाचं रक्त आणि लपायला फट हवी. बॅग, एसटीची सीट, रेल्वेचा बर्थ, जुना सोफा, कशातूनही तो येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने ढेकूण खूप कमी झाले, पण काही वर्षांतच ते त्या विषाला पुरून उरले. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून ते युरोप-अमेरिकेतही पुन्हा वाढले. २०२३ मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्यावरून केवढा गदारोळ झाला!

लाजेपोटी माणूस गुपचूप उपाय शोधतो आणि तिथेच खरा धोका आहे. माझा भाऊ शेतातलं कपाशीवरचं औषध घेऊन आला, गादीवर फवारायला! २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं दगावली, तीही उघड्या शेतात. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांचंही तेच. त्यांचा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

औषधाची बाटली मी परत पाठवली. चादरी, कपडे, गोधड्या कढत पाण्यात घातल्या. साधारण पन्नास अंशांच्या वर ढेकूण आणि त्यांची अंडी तग धरत नाहीत. नुसती गादी उन्हात टाकून भागत नाही, ढेकूण खालच्या सावलीत सरकतात. लोखंडी कॉटच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, भिंतीच्या भेगा बुजवल्या. अंड्यांतून आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतात, म्हणून दोन आठवड्यांनी सगळं पुन्हा केलं. एवढ्याने भागलं नाही तर परवाना असलेला पेस्ट कंट्रोलवाला बोलवावा आणि त्यालाही दुसऱ्या फेरीचं आधीच सांगून ठेवावं.

पण आमची एक भिंत शेजारच्या खालांच्या घराला लागून आहे. आम्ही साफ केलं आणि पलीकडे राहिले, तर सगळी मेहनत वाया. म्हणून पहिल्या फेरीआधीच अम्मीचा हुकूम मोडून मी खालांना सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "हमारे इधर तो रमजान सेच हैं. तुमकू कैसा बोलना?"

दोन घरं, एक भिंत, आणि दोघांनीही एकमेकांपासून लपवलेलं. शेवटी दोन्ही घरांनी एकाच रविवारी पाणी तापवलं.

भाचा परत पुण्याला निघाला, तेव्हा त्याला एवढंच म्हटलं: पोहोचल्यावर आधी रूममेटला सांग, मग दोघं मिळून घरमालकाला. औषधाचं त्यानंतर बघू.