अर्धी टेबले, पुरते भाडे

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची नियमावली ४ जून २०२० रोजी निघाली आणि ८ जूनपासून आपल्या बेळगावातील हॉटेलांना गिऱ्हाइके बसवण्याची परवानगी मिळाली. शेजारच्या कोल्हापुरात मात्र ५ ऑक्टोबरपर्यंत फक्त पार्सलच होते. दोन्हीकडे तेव्हा अट एकच होती: निम्म्याच खुर्च्या भरायच्या.

आम्ही बँकेत आयुष्य काढलेली माणसे, आमची नजर आधी हिशेबाकडे जाते. खुर्च्या निम्म्या झाल्या तरी जागेचे भाडे आणि आचाऱ्याचा पगार निम्मा होत नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना दिलेली सवलत ३१ ऑगस्टला संपली. ती माफी नव्हती. त्या सहा महिन्यांचे व्याज चढतच होते. हप्ता दारात उभा असताना मालकाला दोन टेबले जवळ सरकवण्याचा मोह होणारच. नियम नेहमी बेफिकिरीने मोडतो असे नाही, पुष्कळदा तो तंगीने मोडतो.

म्हणून ही जबाबदारी एकट्या मालकावर टाकून चालणार नाही. आपण गर्दीची वेळ टाळून जाऊ, ताट येईपर्यंत मास्क ठेवू, जेवण झाले की गप्पा घरी मारू. घरात वृद्ध असतील तर पार्सल आणू, पण ओळखीच्या खानावळीतूनच आणू. आणि एखादा मालक दारातच हात जोडून “आत जागा नाही” म्हणाला, तर रागावू नये. रिकामी खुर्ची दिसत असूनही तो आपल्याला परत पाठवतो आहे, त्यात त्याचेच नुकसान आहे. अशा ठिकाणी पुन्हा जरूर जावे.