सवय आमची, सोय कुणाची?

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात एनएसएसचं रक्तदान शिबिर होतं. मैत्रिणी निघाल्या म्हणून मीही रांगेत उभी राहिले. फॉर्म भरला, वजन झालं. टेबलामागच्या ताईंनी बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब तळाला गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं, वरच तरंगला तर कमी, अशी ती साधी तपासणी. माझा थेंब वरच रेंगाळला. ताई म्हणाल्या, "बाळा, तुला नाही देता येणार. आधी स्वतःकडे बघ." आमच्या वर्गातल्या सात जणी रांगेत होतो. त्यातल्या चौघी तशाच परत आलो.

खरं सांगायचं तर त्याआधीचे चार महिने मला तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत धाप लागायची. दुपारच्या लेक्चरला डोळे मिटायचे. केस गळत होते. या सगळ्याला मी वेगवेगळी नावं दिली होती. आळस, असाइनमेंटचं टेन्शन, पुण्याचं पाणी. आजार हे नाव काही सुचलं नाही. शिबिरानंतर घाबरून रूमजवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात गेले. रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ८.९. गरोदर नसलेल्या बाईसाठी जागतिक आरोग्य संघटनेची किमान रेषा १२ ची आहे.

तुम्ही म्हणाल, हिची एकटीची गोष्ट आम्ही का वाचायची? कारण ती एकटीची नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी सुमारे ५४ जणींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या बाकावर दोघी बसल्या असतील, तर एकीचा थेंब तरंगण्याची शक्यता बरीच आहे. आणि मुलांनो, हे वाचून सुटलात असं समजू नका. रक्त तुमचंही कमी असू शकतं. फक्त तुमचा थकवा जिमच्या खात्यावर जमा होतो.

आमचा दिवस कसा जातो

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषधाआधी प्रश्न विचारले. सकाळी काय खातेस? चहा किती वेळा? पाळीत किती दिवस जातं? जेवण कधी? मी उत्तरं देत गेले आणि मलाच लाज वाटायला लागली. सकाळी चहा-बिस्किट, कारण आठचं लेक्चर. मेसचं जेवण दीडला, तेही मिळालं तर. जेवल्या जेवल्या टपरीवर कटिंग. चारला परत कटिंग. रात्री मेसची भाजी आवडली नाही की मॅगी. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, म्हणजे वडापाव. रोज रात्री आईचा फोन, "जेवलीस का?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "हो गं."

बाहेरगावाहून शिकायला आलेल्या, कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुणाचाही दिवस थोडाफार असाच असतो. त्यामुळे मोबाइलवर 'निरोगी राहण्याचे दहा मंत्र' वाचले की चीड येते. पहाटे पाचला उठा, अ‍ॅव्होकॅडो खा, भिजवलेले बदाम खा. अहो, रूममध्ये चौघी आहोत, एक प्लग पॉइंट आहे आणि महिन्याची मेस भरली की हातात किती उरतात ते आम्हालाच माहीत.

तरीही मला डॉक्टरांनी जे सांगितलं, त्यातलं एकही महाग नव्हतं. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकल, कारण चहातले घटक अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत. आमटीवर, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळ, कारण क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. बॅगेत शेंगदाणे-गूळ किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेव, म्हणजे दीड वाजेपर्यंत पोट रिकामं राहणार नाही. पालेभाजी आणि डाळ 'आवडत नाही' म्हणून ताटात टाकू नकोस. सोबत लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्यांनी शी काळी होते, घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत, हेही आधीच सांगितलं. ते सांगितलं नसतं तर मी तिसऱ्या दिवशी पाकीट फेकून दिलं असतं. माझ्या रूममेटने मागच्या वर्षी नेमकं तेच केलं होतं. (माझ्या गोळ्या बघून तुम्ही तुमच्या मनाने सुरू करू नका. आधी तपासणी, मग गोळी.)

बाकीच्या सवयीही अशाच फुकटातल्या. आठवड्याला १५० मिनिटं जरा दमेल असं चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी, यातल्या एकीलाही फी नाही. ज्यांच्या गावात टेकडी नाही त्यांनी एसटी स्टँडपासून कॉलेजपर्यंत रिक्षा सोडून चालावं. झोपेचं म्हणाल तर आपल्या वयाला सात ते नऊ तास हवेत. परीक्षेच्या आदल्या रात्री 'नाइट मारण्यात' आपण मोठेपणा मानतो, पण न झोपलेल्या डोक्यातून पाठ केलेलं सगळ्यात आधी पळतं. संध्याकाळी सहानंतरचा चहा-कॉफी सोडली तरी अर्धी लढाई जिंकता येते. दुसरी अर्धी उशाजवळच्या मोबाइलशी आहे. ती मीही अजून रोज हरते.

पाणी प्यायचं, पण जायचं कुठे?

इथपर्यंत सगळं आपल्या हातातलं. आता हातात नसलेलं.

प्रत्येक आरोग्य लेखात एक वाक्य असतंच, 'भरपूर पाणी प्या'. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली कॉलेजात पाणीच पीत नाहीत. मुद्दाम पीत नाहीत. कारण प्यायलं की जावं लागतं आणि जायची जागा जाण्यासारखी नाही. एका मजल्यावर कडी तुटलेली, दुसऱ्यावर नळाला पाणी नाही, तिसऱ्यावर कुलूप. सकाळी साडेसातला घर सोडलेली मुलगी दुपारी चारला घरी जाऊन पहिल्यांदा लघवीला जाते. मग जळजळ, ताप, लघवीचा संसर्ग. आणि डॉक्टर पुन्हा सांगतात, पाणी जास्त पी गं. पाळीच्या दिवसांत तर पॅड बदलायलाही जागा नसल्यामुळे सुट्टीच घेतली जाते. ती हजेरीत कापली जाते ती वेगळीच.

सांगा, ही सवय कुणाची बिघडली? मुलीची की इमारतीची? सवय लागायला आधी सोय लागते. नॅकची कमिटी यायची असली की हीच स्वच्छतागृहं दोन दिवसांत चकाचक होतात, फिनाइलचा वास येतो, साबण दिसतो. म्हणजे कडी बसवता येते, नळाला पाणी आणता येतं. रोज आणायचं की पाहुण्यांसाठी, एवढाच प्रश्न आहे.

तेच टपरीचं. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू-सिगारेट विकायला कायद्याने बंदी आहे. तुमच्या गेटपासून पावलं मोजून बघा. व्यसन सोडणं ज्याच्या त्याच्या हातात आहे हे खरं, पण सोडायला निघालेल्याच्या वाटेत रोज टपरी उभी करायची आणि वर त्यालाच मन खंबीर ठेवायला सांगायचं, हे बरोबर नाही. ज्याला खरंच सोडायचंय त्याच्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत क्विटलाइन आहे. नंबर लिहून ठेवा, स्वतःसाठी नाही तर मित्रासाठी.

आहे ते तरी वापरा

आता आपली चूक. ज्या सोयी आहेत, त्या आपण वापरत नाही. सरकारी दवाखाना म्हटलं की नाक मुरडतो. रांग असते, हो, असते. माझाही दीड तास गेला होता. पण केसपेपर आणि रक्ततपासणी मिळून जेवढे पैसे लागले तेवढ्यात मित्राला चहा पाजून झाला नसता. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जनऔषधी केंद्रात तीच औषधं जेनेरिक नावाने बऱ्याच कमी किमतीत मिळतात आणि 'सुविधा' नावाचं सॅनिटरी पॅड एक रुपयाला एक. घरबसल्या डॉक्टरांशी बोलायचं असेल तर ई-संजीवनी आहे. आरोग्याचा सल्ला हवा असेल तर १०४, रुग्णवाहिका हवी असेल तर १०८.

आणि एक नंबर सगळ्यांनी पाठच करा, १४४१६. हा टेलिमानस. मानसिक आरोग्यासाठी सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली मोफत सेवा, चोवीस तास. आधी भाषा निवडायची, मराठी आहे. मग समुपदेशक बोलतात आणि गरज असेल तर पुढे डॉक्टरांकडे जोडून देतात. फोन करायला 'वेड' लागायची गरज नाही. एटीकेटी लागली, ब्रेकअप झालं, घरून पैसे यायचे थांबले, एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट गेला, रात्री दोनला छातीत धडधडतंय आणि कुणाला उठवावं कळत नाहीये, तेव्हाच तर हा नंबर आहे. मित्र असं काही बोलला तर "एवढं काय त्यात" म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि फोन लावून द्या.

इथेही कॉलेजची जबाबदारी आहेच, आणि आता ती मेहरबानी राहिलेली नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. टेलिमानससारख्या हेल्पलाइनचे नंबर वर्गात, हॉस्टेलवर, वेबसाइटवर ठळक दिसायला हवेत. उद्या कॉलेजात गेलात की फळ्याशेजारची भिंत बघा. तिथे नंबर आहे, की अजून मागच्या वर्षीच्या फ्रेशर्स पार्टीचं पोस्टरच आहे?

मग करायचं काय?

मोर्चा काढायला सांगत नाही. चौघं-पाचजण जमवा आणि प्राचार्यांना एक साधा अर्ज द्या. एका पानाचा, तीनच मागण्यांचा. पहिली, प्रत्येक मजल्यावर कडी, पाणी आणि कचऱ्याची बादली असलेलं स्वच्छतागृह. दुसरी, जवळच्या सरकारी दवाखान्याच्या मदतीने वर्षातून दोनदा हिमोग्लोबिनची तपासणी, मुलींची आणि मुलांचीही. तिसरी, समुपदेशकाचं नाव, भेटायची वेळ आणि १४४१६ हा नंबर प्रत्येक वर्गात. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, पोच घेतलेला अर्ज फाइलला लागतो. एनएसएसचे सर असतात, महिला तक्रार निवारणाच्या मॅडम असतात, विद्यार्थी प्रतिनिधी असतात. यातलं कुणीतरी एकजण नक्की सही करेल.

आम्ही केला होता अर्ज. खोटं कशाला सांगू, तिन्ही मागण्या काही मान्य झाल्या नाहीत. दोन मजल्यांवर कड्या लागल्या आणि पाणी आलं. तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप अजून तसंच आहे. समुपदेशकाबद्दल 'प्रक्रिया सुरू आहे' असं उत्तर मिळालं. म्हणून या सेमिस्टरला दुसरा अर्ज दिलाय. पण ज्या मजल्यावर कडी लागली, तिथल्या वर्गात मुलींच्या बाकावर आता पाण्याच्या बाटल्या दिसतात. कुणी भाषण दिलं नाही, पोस्टर लावलं नाही. कडी लागली, एवढंच.

या वर्षी पुन्हा रक्तदान शिबिर झालं. दवाखान्यातल्या ताज्या रिपोर्टमध्ये माझं हिमोग्लोबिन १२.१ होतं. ऐटीत रांगेत उभी राहिले. थेंब पुन्हा वरच. रक्त द्यायचं तर किमान १२.५ लागतं, अजून थोडं बाकी आहे, असं ताईंनी समजावलं. दात्यांसाठीची कॉफी आणि बिस्किट काही मिळालं नाही. पण तिसऱ्या मजल्यावर मात्र आता मी न थांबता चढते. रात्री आईचा फोन आला, "जेवलीस का?" मी म्हटलं, "हो. मटकीची उसळ होती, लिंबू पिळून." खरंच जेवले होते.

तुमचा आकडा किती आहे? माहीत नसेल, तर या आठवड्यात एक सकाळ काढा, चांगला मित्र किंवा मैत्रीण सोबत घ्या आणि जवळच्या दवाखान्याच्या रांगेत उभे राहा. तिथून परत येताना कॉलेजच्या स्वच्छतागृहाची कडीही बघून या.