बातमी पत्रकारापर्यंत पोहोचते कशी?

"आम्ही सर्व वृत्तपत्रांना टॅग केले, व्हॉट्सॲपच्या साऱ्या गटांवर मजकूर फिरवला, तरी एक ओळही छापून आली नाही." धर्मग्रामांतील कार्यकर्त्यांकडून ही तक्रार हल्ली आमच्या कानी वारंवार येते. मूळ प्रश्न बहुधा खरा असतो. कुठे नळाला गढूळ पाणी येते, कुठे दफनभूमीकडे जाणारी वाट अडवली जाते. पूर्वी प्रसिद्धिपत्रक घेऊन वार्ताहराचे घर गाठावे लागे. आज तो समाजमाध्यमांवर सहज सापडतो. पण त्याच्या फोनवर आपल्यासारख्यांचे किती मजकूर रोज येऊन पडतात, याचा विचार आपण करत नाही.

फादर स्टॅन स्वामी यांचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. झारखंडच्या आदिवासींमध्ये कार्य करणाऱ्या या ८३ वर्षांच्या येशूसंघीय धर्मगुरूंना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथे अटक झाली. अटकेपूर्वी त्यांनी आपली बाजू शांतपणे सांगणारी चित्रफीत ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. ती समाजमाध्यमांवरून पसरली आणि वार्ताहरांना त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून मिळाले. पुढे तळोजा कारागृहातून त्यांनी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाकडे अर्ज केला. कंपवातामुळे हातात पेला धरवत नाही, म्हणून नळी आणि सिपर मिळावा, एवढीच मागणी होती. उत्तरासाठी तपास यंत्रणेने २० दिवसांची मुदत मागितली. ही बातमी येताच शेकडो लोकांनी कारागृहात सिपर पाठवण्याची मोहीम समाजमाध्यमांवर चालवली, आणि त्या मोहिमेची पुन्हा बातमी झाली.

त्यांच्या सुटकेसाठी निवेदने निघाली, मेणबत्त्या घेऊन लोक उभे राहिले, निषेधाचे ठराव झाले. त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु 'घोर अन्याय' या शब्दांनी जे वाचकाला दिसले नाही, ते पाणी पिण्याच्या एका साध्या भांड्याने दिसले. अर्ज न्यायालयाच्या दप्तरी होता, तारीख होती, वकिलांना विचारता येत होते. पत्रकाराला पडताळून पाहता येईल असे काहीतरी हाती लागले होते.

त्याच वेळी दुसरीही गोष्ट घडली. यंत्रणेनेच सिपर काढून घेतला, असे समाजमाध्यमांवर ठामपणे लिहिले जात होते. आपण तो जप्त केलाच नव्हता, असे यंत्रणेने न्यायालयात सांगितले. जबाबदार वृत्तपत्रांनी तेही छापले, आणि ते योग्यच केले. फादरांना अखेर सिपर मिळाला. जामीन मात्र मिळाला नाही. ५ जुलै २०२१ रोजी वांद्रे येथील होली फॅमिली इस्पितळात ते ख्रिस्तवासी झाले.

आता आपल्या धर्मग्रामांतून निघणारे मजकूर पाहावेत. आरंभी मान्यवरांची नामावली, मग तीन परिच्छेद संताप, आणि पाणी कोणत्या आळीत, किती दिवसांपासून गढूळ येते याचा पत्ताच नाही! त्यात तेच पत्र वीस जणांना एकदम पाठवलेले. पाणीपुरवठ्याच्या बातम्या कोण लिहितो हे आठवडाभर वृत्तपत्र वाचून शोधावे, त्या एकाच वार्ताहराला खासगी संदेश पाठवावा. ठिकाण, दिवस, अर्जाची पोचपावती आणि ज्याच्याकडे चौकशी करता येईल अशा माणसाचे नाव, एवढे चार ओळींत बसते. छायाचित्र आपणच काढलेले असावे. दुसऱ्या गावचे छायाचित्र एकदा आपल्या नावावर खपवले गेले, तर पुढील खऱ्या तक्रारीकडेही तो वार्ताहर पाहणार नाही.

ज्याच्या दुःखाची बातमी करायची, त्याला विचारले जाते का, हा आम्हाला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न आहे. फादर स्टॅन स्वतः बोलले होते. आजारी वृद्धेचे छायाचित्र तिच्या नकळत काढून 'कृपया पुढे पाठवा' असे लिहिणाऱ्यांना ती सवड नसते. खोट्या बातम्यांविषयीच्या २०१८ सालच्या संदेशात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी पत्रकारितेच्या केंद्रस्थानी माणूस असतो याची आठवण दिली होती. बातमी पुरवणाऱ्यालाही ती लागू पडते. जाहीर भिंतीवर टाकलेले छायाचित्र परत घेता येत नाही, म्हणून विचारणे आधी, पाठवणे नंतर.

वार्ताहर पालिकेच्या अधिकाऱ्यालाही फोन करील, त्याचे उत्तर आपल्या तक्रारीशेजारी छापील. त्याबद्दल त्याच्याशी भांडायला जाऊ नये. आणि मजकुराखाली ज्याचा क्रमांक दिला आहे, त्याने निदान त्या सायंकाळी फोन बंद ठेवू नये.