उन्हात बुडणारी मजुरी

हवामानबदलाची चर्चा आपल्याकडे अद्याप हिमनद्या, ध्रुवप्रदेश आणि आंतरराष्ट्रीय परिषदा यांच्याभोवतीच फिरत राहते. तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. जागतिक हवामान संघटनेच्या मोजमापानुसार 2024 साली पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत सुमारे दीड अंशाने अधिक होते. परंतु हा दीड अंश सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याला तो विजेच्या बिलात भेटतो. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाईला तो अंगावर घ्यावा लागतो, आणि न घेतल्यास त्या दिवसाची मजुरी बुडते. आमच्या मते हा प्रश्न म्हणूनच प्रथम श्रमाचा आणि मजुरीचा आहे.

उन्हाचे मोजमाप केवळ पाऱ्यावर करण्याची आपली सवयही सोडावयास हवी. घाम वाळताना शरीर थंड होते. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि आतली उष्णता आतच साचते. त्यात श्रम करणारे शरीर स्वतःच उष्णता निर्माण करीत असते. विदर्भातले कोरडे ऊन आणि कोकणपट्टीतले दमट ऊन यांचा हिशेब त्यामुळेच वेगळा करावा लागतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे शासकीय पुरस्कार समारंभानंतर 14 माणसे दगावली. जवळच्या केंद्रावर नोंदलेला पारा चाळिशीच्या आतच होता. मंचावर छप्पर होते, श्रोत्यांच्या डोक्यावर ते नव्हते. आणि ही माणसे तर नुसती बसलेली होती! तशाच उन्हात दिवसभर स्लॅब टाकणाऱ्यांचे काय होत असेल, याची नोंद कोण ठेवतो? दाखल्यावर पुष्कळदा 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू' एवढेच लिहिले जाते, आणि प्रकरण मिटते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 मध्ये असा अंदाज मांडला की, 2030 पर्यंत उष्णतेपायी भारतातील कामाचे 5.8 टक्के तास वाया जातील. म्हणजे जवळजवळ 3 कोटी 40 लाख पूर्णवेळ रोजगारांइतके श्रम. अर्थशास्त्री याला उत्पादनाची हानी म्हणतात. रोजंदारीच्या माणसापुरती ती चुलीची हानी आहे.

शासन यावर काय करते? दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नये, असे पत्रक काढते. ज्याचे पोट दुपारच्या कामावर आहे, त्याला हा सल्ला म्हणजे उपाशी राहण्याचाच सल्ला होय. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर केंद्राने मदतीसाठी ठरविलेल्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट आली, उष्णतेची आली नाही. पंधराव्या वित्त आयोगालाही यादी वाढविण्याची निकड वाटली नाही. तामिळनाडूने 2024 मध्ये आपल्या राज्यापुरती उष्णतेची लाट आपत्ती म्हणून जाहीर केली, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

मजुरीची भरपाई अव्यवहार्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी दिल्लीकडे पाहावे. तेथे हवेच्या प्रदूषणामुळे बांधकामे बंद ठेवली गेली तेव्हा, 2021 मध्ये, नोंदणीकृत बांधकाम कामगारांना प्रत्येकी 5000 रुपये देण्यात आले. 2024 मध्ये 8000 रुपये पूर्ण द्यावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाला शासनाचे कान उपटावे लागले. हा पैसा कामगार कल्याण निधीतला. तो निधी 1996 च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून उभा राहिला. धुरासाठी जे देता येते ते उन्हासाठी का देता येऊ नये?

शेतमजुरांमागे असा उपकर नाही, ही अडचण खरी. पण महाराष्ट्राने ती एकदा सोडविली आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांनी रोजगार हमी योजनेला बळ दिले, वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या कल्पनेचा 1977 मध्ये कायदा झाला, आणि खर्चासाठी शहरातील पगारदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला गेला. शहराने गावाच्या दुष्काळाचा भार उचलावा, हे तत्त्व तेव्हा विधिमंडळाने मान्य केले. जगातील श्रीमंत दहा टक्क्यांनी 1990 ते 2015 या काळातला निम्म्याहून अधिक कार्बन हवेत सोडला असताना, आज तेच तत्त्व उन्हाला लावण्यात कोणता अन्याय होतो?

मागणी नेमकी हवी. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला की दुपारचे काम थांबावे आणि त्या तासांची मजुरी मिळावी. मात्र बांधकाम कामगाराची नोंदणी व्हावयाची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि मुकादम तो देण्यास खळखळ करतात. मजूरनाक्यांवर काम करणाऱ्या आपल्या साथींनी हिवाळ्यातच हे दाखले गोळा करण्यास लागावे. मार्चमध्ये पहिला इशारा येईल तेव्हा अर्जांसाठी धावपळ करण्यास वेळ उरत नाही.