कुस्तीआधीची कुस्ती

जानेवारी २०२५ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला महिला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या व्हायच्या होत्या. नागपूरहून देवळी म्हणजे काही परमुलूख नाही. सकाळच्या एसटीनं निघावं, रात्री घरी यावं. आमच्या वस्तीतल्या किशोरी गटात येणारी एक सतरा वर्षांची मुलगी मला म्हणाली, "ताई, मले पाहाले नेता का?" ती स्वतः दोन वर्षांपासून आखाड्यात जाते. पण तिला देवळीला खेळायचं नव्हतं, नुसतं पाहायचं होतं. एवढ्यासाठी मला तिच्या घरी चार चकरा माराव्या लागल्या.

पहिल्या वेळी आई म्हणाली, "पाहून आली का मंग म्या बी तिथं खेळतो म्हनीन. अन् खेळनाऱ्या पोरीसंग लगन कोन करीन?" दुसऱ्या वेळी भाऊ कपड्यांवर घसरला. तसल्या कपड्यातल्या बायका पाहायला इतकी माणसं जमणार, त्यात आपली बहीण कशाला? तिसऱ्या वेळी मामा आले होते. त्यांचा प्रश्न आणखी सोपा होता : बायकांच्या कुस्तीत पाहण्यासारखं असतं काय? वडील मात्र चौथ्या वेळी बोलले. "ताई, रात्र झाली तर पोरी थांबतीन कुठं? संग बाईमानूस कोन राहीन?"

हा एकच प्रश्न मला खरा वाटला. मी गाडीची, सोबतीची, मुक्कामाची सोय सांगितली आणि ते हो म्हणाले. पण तोवर कुस्त्या होऊन गेल्या होत्या. भाग्यश्री फंडनं अमृता पुजारीला हरवून मानाची गदा घेतली, हे आम्ही दोघींनी आमच्या केंद्राच्या ओट्यावर बसून मोबाइलवर पाहिलं.

एमएसडब्ल्यू करताना आम्हाला गृहभेटीचं तंत्र शिकवलं होतं. पण ही हार कोणत्या रकान्यात लिहायची हे काही शिकवलेलं नव्हतं. कुस्ती मॅटवर सुरू होण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. त्या आधीच्या कुस्तीबद्दलच मला आज बोलायचं आहे.

पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीला झाली ती मार्च २०२३ मध्ये, आणि प्रतीक्षा बागडी ती जिंकली. मधली बासष्ट वर्षं मुली कुठं होत्या? मुलगा आखाड्यात जायला लागला की घर त्याच्या खुराकाला लागतं. दूध, बदाम, तूप, मग कर्जही. गल्ली त्याला 'पैलवान' म्हणू लागते. तो पहिली कुस्ती खेळण्याआधीच त्याच्यामागे एक हवा तयार झालेली असते. मुलगी आखाड्यात निघाली की तीच गल्ली तिच्या लग्नाची काळजी करू लागते. खुराक तर सोडाच, घरातली शेवटची पोळी तिच्या वाट्याला आली तर आली.

कधीकधी बाईच्या कुस्तीचीही हवा केली जाते. पण ती कोण करतं आणि कशासाठी, हे पाहायला हवं.

हमीदा बानूचं नाव आपल्यापैकी पुष्कळजणींनी मे २०२४ मध्ये गूगलनं तिचं चित्र लावलं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं असेल. ही बाई उत्तर प्रदेशातली, अलीगढला कुस्ती शिकलेली. १९५४ साली तिनं आव्हान दिलं, की जो मला चीत करील त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळा आणि कलकत्त्याच्या मल्लांना तिनं हरवलं. मे महिन्यात ती बडोद्याला आली तेव्हा शहरभर फलक लागले होते, ट्रकवरून जाहिरात फिरत होती. छोटे गामा पैलवानानं बाईशी लढणार नाही म्हणून माघार घेतली. मग बाबा पैलवान उतरले आणि एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत झाले. वर्तमानपत्रांनी तिचं वजन, उंची, ती किती दूध पिते, काय खाते, सगळं छापलं.

मैत्रिणींनो, त्या जाहिरातीकडे नीट पाहा. पुरुष मल्ल इनामासाठी लढतो. बाई लढली तर इनाम म्हणून तिलाच लावलं जातं! तिची ताकद विकायची, तरी ती लग्नाच्या वेष्टनात गुंडाळूनच विकायची. आणि ती जिंकू लागली की काय होतं? पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती, ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. एकदा पुरुषाला हरवल्यावर प्रेक्षकांनी तिच्यावर दगड फेकले. तिच्या कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा तिनं मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आलं, की बंदी बाई म्हणून नाही, आयोजक तिच्यासमोर नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. लबाडी आयोजकांची असेलही, पण आखाडा बंद झाला तो बाईचा.

पुढे तिनं युरोपात जाऊन लढायचं ठरवलं तेव्हा तिच्या वस्तादानंच मारून तिचे हात मोडले, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं आहे. तिचे शेवटचे दिवस आपल्या कल्याणात गेले. दूध विकून आणि रस्त्याकडेला खाण्याचे जिन्नस विकून तिनं पोट भरलं. १९८६ मध्ये ती वारली. ट्रकवर तिचं नाव फिरवणाऱ्यांपैकी तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?

ही गोष्ट मी आमच्या मुलीला सांगितली, तर तिनं मला मोबाइलवर जपानमधल्या बायकांची कुस्ती दाखवली. ती धंदेवाईक कुस्ती, निकाल आधी ठरलेला. पण शरीर खरं, पडणं खरं, दुखणंही खरं. तिथं मोठ्या कार्यक्रमाआधी महिनोन्‌महिने भांडणं रंगवतात. एक चांगली, एक खलनायिका. प्रेक्षक चिडतील, रडतील आणि तिकीट काढतील अशी ती बांधणी असते. बायकांची कुस्ती कोण पाहणार, असं विचारणाऱ्या मामांना मी सांगेन, की नोव्हेंबर १९९४ मध्ये बायकांच्या कुस्त्यांचा कार्यक्रम टोकियोच्या सगळ्यात मोठ्या बंदिस्त मैदानात झाला. हजारो लोक सुमारे दहा तास बसून होते.

पण ही हवा करणारी 'ऑल जपान विमेन्स' ही कंपनी पुरुषांची होती. मुलींना तिचे नियम असे : दारू नाही, सिगारेट नाही, पुरुष नाही. आणि पंचविशीच्या आसपास निवृत्ती. ऑगस्ट १९८५ मध्ये ओसाकाला त्यांनी एक कुस्ती लावली, जी हरेल तिचे केस कापायचे. शाळकरी मुलींची लाडकी चिगुसा नागायो डंप मात्सुमोतोकडून हरली आणि भर रिंगणात तिचं डोकं भादरलं. प्रेक्षकांतल्या मुली ओक्साबोक्शी रडत होत्या. ते पाहताना मला आपल्याकडचं केशवपन आठवलं. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत नाभिकांनी विधवांचे केस कापायचे नाहीत असं ठरवलं होतं. हे दोन्ही सारखं नाही, मला कळतं. नागायो ते ठाऊक असून उतरली होती. पण बाईला हरवायचं म्हणजे नुसतं चीत करून भागत नाही, तिला विद्रूपही करायचं, ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे.

आणि रंगवलेला राग खेळ संपला म्हणून संपत नाही. हाना किमुरा ही बावीस वर्षांची कुस्तीगीर. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमातल्या भांडणावरून लोकांनी तिच्यावर शिव्यांचा पाऊस पाडला. मे २०२० मध्ये तिनं जीव दिला. तिची आई, तीही कुस्तीगीरच, लढत राहिली. २०२२ मध्ये जपाननं दुसऱ्याचा अपमान करण्याबद्दलची शिक्षा वाढवून कैदेपर्यंत नेली. कायदा झाला, पण मुलगी गेल्यावर.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप होते. त्यांनी ते नाकारले. जूनमध्ये आरोपपत्र दाखल झालं. निकाल देणं न्यायालयाचं काम. मला बोलायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. त्याच वर्षी मे महिन्यात, तीसपैकी सुमारे निम्म्या क्रीडा महासंघांत कायद्याला धरून तक्रार समितीच नाही, अशी बातमी आली आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं नोटिसा काढल्या. म्हणजे पदकं होती, सत्कार होते, फलकांवर मुलींचे फोटो होते. फक्त मुलीनं जाऊन बोलावं अशी खोली नव्हती. सांगलीची पहिली महिला महाराष्ट्र केसरी याच आंदोलनाच्या दोन टप्प्यांच्या मधे झाली, हे आपण विसरू नये.

आपल्यातल्याही काहीजणी म्हणतील, सौंदर्यस्पर्धांना विरोध करणाऱ्या आपण आता कुस्तीच्या तमाशाला पाठिंबा द्यायचा का? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. माझं उत्तर असं, की मॅटवर बाईचं शरीर दाखवायची वस्तू नसतं, तिथं ते काम करत असतं. वस्तू होतं ते मॅटबाहेर, पत्रकात, भाषणात, बातमीत. म्हणून आपली लढाई कुस्तीशी नाही, कुस्तीआधी जे चालतं त्याच्याशी आहे. आणि तिथं आपण हात घालू शकतो.

आपल्या गावात, जिल्ह्यात मुलींच्या कुस्त्या जाहीर झाल्या की आयोजकांकडे जाऊन चार गोष्टी विचारू या.

एक, पत्रकावर मुलीचं नाव, वजनगट, गाव, आखाडा एवढं छापा. तिचं रूप आणि लग्न तुमचा विषय नाही.

दोन, मुलांचं आणि मुलींचं इनाम एकाच कागदावर, रकमेसकट जाहीर करा. तफावत असेल तर सगळ्यांना दिसू दे.

तीन, मुलींचा मुक्काम, संडास-न्हाणी, कपडे बदलायची जागा, सोबतीच्या बाया आणि परतीची गाडी आधी दाखवा, मग हलगी वाजवा.

चार, तक्रार समितीची नावं आणि फोन मैदानावर लावा. २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, मैदानं आणि स्पर्धेची जागा ही 'कामाची जागा'च धरलेली आहे. तक्रार करणारी बाई तिथं नोकर असावी लागत नाही, तिला वयाची अटही नाही. संस्था लहान असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी पॉक्सो आहे. हे आयोजकांना ठाऊक नसेल तर आपण सांगू.

आणि एक काम आपलं स्वतःचं. कुस्ती पाहायला आपण जायचं. एकटीदुकटीनं नव्हे, गटानं, आयांना घेऊन. पुढच्या रांगांत बायका बसल्या की मैदानातली भाषा आपोआप बदलते, असा मोर्च्यांपासून जत्रांपर्यंतचा आपला अनुभव आहे.

आमची मुलगी अजून आखाड्यात जाते. मागच्या महिन्यात तिची आई मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "ताई, पुढच्या डावाले गाडी कराल तं मलेबी सांगजा. पाहू तं द्या, पोरगी कायच्या मागं लागली हाये ते."

गाडी आम्ही करणार आहोत. तुमच्या गटाच्या किती जागा ठेवू?